दर्शनी भिंतीचा गिलावा

आमच्या नव्या वसाहतीत वाऱ्याला अडवणारं काहीच नव्हतं. माय भाकरी थापायला बसली की दाराकडं पाठ करायची, नाहीतर परातीतलं पीठ उडून माझ्या वह्यांवर यायचं. शहराबाहेरचा माळ सपाट करून सरकारनं पट्टीनं रेघा ओढाव्यात तसे रस्ते आखले होते आणि त्या रेघांच्या मध्ये एकसारखी घरं बसवली होती. सेक्टरांना नावं नव्हती, नुसते आकडे. लिंबाची रोपं लोखंडी पिंजऱ्यांत उभी होती आणि पिंजरे रोपांपेक्षा उंच होते. सिल्लोडचा मामा दर वेळी दुसऱ्याच कुणाच्या घरात शिरायचा. एकदा तर एका अनोळखी बाईच्या घरी चपला काढून, पाणी पिऊन, पलंगावर निवांत बसला आणि मग त्यानं विचारलं, "आक्का कुठं गेली?" त्या बाईनंही सासरकडचं कुणी असेल म्हणून त्याला बशीभर चिवडा दिला होता. माय ही गोष्ट सांगून हसायची, मला मात्र हसू यायचं नाही. सगळीकडं तेच दार, तीच खिडकी, तोच ओटा. मला तिथं जीव कोंडल्यासारखं व्हायचं.

मी सतरा वर्षांची होते आणि पॉलिटेक्निकला सिव्हिलच्या पहिल्या वर्षाला होते. वर्गात आम्ही तिघीच मुली. माझ्या पायाला भिंगरी आहे असं माय म्हणायची, आणि ते खरंच होतं. अभ्यासाला बसले की पाणी प्यायला उठायचं, पाणी पिऊन आले की कुणी आलंय का ते बघायला दारात जायचं, दारातून फाटकापर्यंत. हे पान लिहायला बसल्यापासून मी तीनदा उठून आलेय. वयानं गुडघे गेले, पण खोड काही गेली नाही.

आम्ही जातीचे सुतार. आजोबा गावाकडं बैलगाड्या करायचे. गाड्यांचं काम संपत आलं तसे दादा, म्हणजे माझे वडील, शहरात आले आणि सेंट्रिंगच्या कामाला लागले. काँक्रीट ओतण्याआधी त्याला धरून ठेवायला लाकडाचा साचा करतात, ते सेंट्रिंग. दादांसारखा साचा शहरात कुणी बसवत नाही असं ठेकेदारसुद्धा म्हणायचा. पण या कामाला एक शाप होता. काँक्रीट सुकलं की साचा काढून टाकायचा, वरून गिलावा व्हायचा, आणि सुताराचं नखभरही काही मागं उरायचं नाही. "माझ्या बापाच्या गाड्या आजून दोन गावात फिरत्यात," दादा म्हणायचे, "माझं काय हाय? खिळे काढायचे अन् फळ्या रचायच्या."

तो गिलावा करायचे रहीमचाचा. दादांचे वीस वर्षांचे जोडीदार. दादांनी साचा उघडायचा, चाचांनी त्यावर थापी फिरवायची. चाचा आमच्या घरी आले की ओट्यावर बसून चहा बशीत ओतायचे आणि मायला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, "भाभी, मिस्त्री के सब गल्त्यां मैं झाकता. मैं नै रैता तो इनकू कोन काम देता?" दादा म्हणायचे, "चहा प्या अन् गप बसा." दोघांचं आयुष्य असं एकामागून एक चाललेलं होतं.

मग वसाहतीच्या मधोमध सार्वजनिक हॉलचं काम निघालं. खाली सभागृह, वर वाचनालय. नकाशे करणारे साहेब मुंबईचे होते. पांढरा सदरा, पायात साध्या चपला, बोलणं हळू. त्यांनी दादांना पहिल्याच दिवशी सांगितलं की या इमारतीला गिलावा नाही, रंग नाही. फळ्यांचे ठसे काँक्रीटवर उमटतील, ते तसेच राहतील. दादा घरी येऊन म्हणाले, "साहेब जरा येडा दिसतोय." दोन दिवस त्यांना तो विनोदच वाटला. तिसऱ्या दिवशी ते फळ्या निवडायला लाकडाच्या वखारीत गेले आणि संध्याकाळपर्यंत परत आले नाहीत.

त्यानंतर आमच्या अंगणात जो आवाज सुरू झाला तो मला अजून ऐकू येतो. दादा फळीवर तारेचा ब्रश घासायचे. खर्र, खर्र, खर्र. मऊ लाकूड निघून जायचं, लाकडाची रेघ वर उठायची, म्हणजे काँक्रीटवर ती ठळक उमटेल. साइटवर दिवसभर काम करून आल्यावर पुन्हा दोन तास हे. भुसा वाऱ्यानं घरात यायचा, वरणात यायचा, माझ्या वेणीत बसायचा. माय वैतागून म्हणायची, "लगीन लागलंय का त्या फळ्यांशी?" दादा खडूनं प्रत्येक फळीवर आकडा टाकत, कुठल्या फळीच्या शेजारी कुठली बसली पाहिजे ते मनात ठरवत. ज्या माणसाला मी जन्मापासून थकलेलंच बघितलं होतं, तो माणूस फळीची गाठ कुठं यावी याचा जेवताना विचार करायचा आणि घास हातातच राहायचा.

दर्शनी भिंत, म्हणजे रस्त्याकडची मोठी भिंत, सगळ्यात शेवटी ओतली. साचा उघडला त्या दिवशी दादांनी मायला आणि मला बोलावून नेलं. माय त्याआधी कुठल्याच साइटवर कधी गेली नव्हती. भिंत दोन मजले उंच होती आणि तिच्यावर खालपासून वरपर्यंत लाकूड उमटलं होतं. रेघा, गाठी, फळीला फळी जुळली ती बारीक धार. दादा तिच्यावरून तळहात फिरवत उभे होते. मायनं मान वर करून सगळी भिंत बघितली, पदर सावरला आणि म्हणाली, "छान हाय. रंग कवा देणार?"

दादा एवढे हसले की त्यांना खाली बसावं लागलं.

मी हसले नाही. मला लाज वाटत होती, आणि ती आज लिहून टाकते. वसाहतीत सगळे त्या हॉलला 'सिमेंटचं गोदाम' म्हणायचे. माझी मैत्रीण सुनीता गारखेड्याला राहायची. तिच्या घराला फिकट पिवळा रंग होता आणि कठड्याला निळी किनार. तिची आई एकदा तिला घ्यायला रिक्षानं आमच्याकडं आली. हॉलवरून येताना तिनं बघितलं असणार. ओट्यावर बसून फार मायेनं म्हणाली, "इंदू, तुझ्या वडिलांचं ते काम अर्धवटच राहिलं का गं? ठेकेदार पळून गेला का?" मी म्हणाले, "नाही काकू, अजून व्हायचंय." उचलली जीभ लावली टाळ्याला. उद्घाटनाला आमचा अख्खा वर्ग येणार होता, आमच्या सरांनीच ठरवलं होतं. मला 'हे माझ्या वडिलांनी बांधलं' असं म्हणायचं होतं, आणि ती करडी, ओबडधोबड भिंत बघितली की ते वाक्य मी मनातल्या मनात खोडून टाकायचे.

त्यात चाचांचं काम थांबलेलं. गिलावाच नाही तर चाचा तिथं काय करणार? ते कुठं कुठं किरकोळ दुरुस्तीला जायचे, तरी दुपारी हॉलवर येऊन उगाच बसायचे. "मिस्त्री, दीवार नंगी छोडी तो लोगां क्या बोलेंगे?" एकदा ते दादांना म्हणाले. दादा म्हणाले, "ही नागडी नाय चाचा. हिनं लाकूड नेसलंय." चाचांना पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही पटलं नाही.

अशात मुंबईहून शेवटच्या कामांचा नकाशा आला. ठेकेदाराचा इंजिनियर काविळीनं आजारी पडून गावी गेलेला. दादा नकाशाची गुंडाळी काखेत धरून संध्याकाळी घरी आले. "बाई, वाचून दाव. दर्शनी भितीचं काय लिवलंय?" मला ते प्रेमानं बाईच म्हणायचे. आम्ही नकाशा फरशीवर पसरला, एका कोपऱ्यावर वरवंटा ठेवला, दुसऱ्यावर मिठाची बरणी. शाळा चौथीत सुटलेला माणूस आपल्या मुलीला इंग्रजी वाचायला सांगतोय, याचा दादांना किती अभिमान होता ते त्यांच्या बसण्यातच दिसायचं. मांडी नीट घालून, हात गुडघ्यांवर ठेवून ते बसायचे.

भिंतीच्या शेजारी बाण काढून साहेबांनी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की इथं गिलावा करू नये, काँक्रीट आहे तसं ठेवावं. त्यात न कळण्यासारखं काही नव्हतं. मी म्हणाले, "दर्शनी भिंतीला गिलावा करायचा. नीरू फिनिश, एकदम गुळगुळीत. वर पांढरा रंग."

आधीपासून ठरवलं होतं का? नाही. तोंडातून गेलं, आणि गेल्यावर ते परत घेण्याऐवजी मी त्याला टेकू लावत बसले.

 दादांनी वाकून त्या अक्षरांखाली अंगठा ठेवला. "नीट वाच, बाई."

"नीटच वाचलं दादा. गिलावा करायचा."

"आतल्या भितीला नाय, अन् म्होरच्या भितीला हाय? कामून?"

"आतलं कोण बघतं? बाहेरचं जगाला दिसतं."

चुलीजवळून माय म्हणाली, "मी म्हणलंच व्हतं, रंग देत्याल म्हणून." दादा अजून कागदाकडं बघत होते. शेवटी "बरं" म्हणाले, नकाशा गुंडाळला आणि मिठाची बरणी जागेवर ठेवली.

काँक्रीटला गिलावा नुसता धरत नाही. आधी छन्नीनं सगळ्या अंगावर टाचे मारून ते खरबरीत करावं लागतं. हे मला पुस्तकातून माहीत होतं, पण खोटं बोलताना आठवलं नाही. दोन दिवसांनी कॉलेजातून येताना मी हॉलवरून आले तर दादा परांचीवर, म्हणजे बांबूच्या मचाणावर, उभे राहून स्वतः टाचे मारत होते. मजूर होते की हाताखाली. पण त्यांनी ते कुणाला दिलं नव्हतं. ज्या रेघा त्यांनी अंगणात बसून उठवल्या होत्या, त्यांच्यावरच छन्नी धरून ते हातोडा मारत होते आणि चुरा त्यांच्या टोपीवर पडत होता. मी रस्त्यावर उभी राहिले. तेव्हा बोलायला हवं होतं. अजून अर्धी भिंत शाबूत होती. मी स्वतःला सांगितलं की चाचांना काम मिळालं, हेही काही वाईट नाही, आणि तरातरा चालत घरी गेले. 

चाचांना मात्र पंख फुटले होते. चार दिवसांत त्यांनी ती भिंत अशी गुळगुळीत केली की त्यावरून माशी घसरावी. शेवटच्या दिवशी ते डबा भरून नान आणि मटणाचा खलिया घेऊन आले. मायला चालायचं नाही, तिनं डबा ओट्याच्या आत येऊ दिला नाही. आम्ही बापलेक बाहेरच बसून खायला लागलो. चाचा म्हणाले, "बेटी, तेरे बाप की दीवार कू मैंने दुल्हन बना दिया." दादा खलियात नान बुडवून खात होते. "चांगली झालीय," एवढंच म्हणाले.

साहेब शनिवारी आले. माझं कॉलेज अर्ध्या दिवसाचं होतं आणि मी दादांचा डबा घेऊन हॉलवर पोहोचले होते. गाडी थांबली, साहेब उतरले आणि उतरल्या जागीच उभे राहिले. चाचा लगबगीनं पुढं गेले, हात पुसत. "मैंने किया, साहब. कैसा लगा?"  साहेब भिंतीपाशी गेले आणि त्यांनी तिच्यावर हात ठेवला, मग लगेच काढला. त्यांचा चेहरा मी विसरलेले नाही. त्यावर राग नव्हता. घरात कुणी गेल्यावर माणूस कसा बघतो, तसं काहीतरी होतं.

"मिस्त्री," ते म्हणाले, "नकाशावर स्पष्ट लिहिलं होतं. तुम्हाला कुणी वाचून दाखवलं?"

मी दहा पावलांवर होते. दादांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"कुनी नाय साहेब. इंजिनियर सुट्टीवर व्हते. मला इंग्रजी येत नाय. अंदाजानं केलं."

"अंदाजानं? इतकी वर्षं काम करताय, आणि एवढी मोठी भिंत अंदाजानं?"

"व्हय. माझंच चुकलं."

एरवी माझी जीभ कुणाच्या बापाला ऐकायची नाही. त्या दिवशी माझ्याच बापासाठी ती हलली नाही.

साहेबांनी गिलावा काढायला सांगितला. ठेकेदारानं त्यासाठी दुसरी माणसं आणली, पण चाचा त्यांच्या आणि भिंतीच्या मध्ये उभे राहिले. "मैंने चढाया, मैंच उतारूंगा," म्हणाले, आणि आठवडाभर एकट्यानं खरवडत राहिले. त्यांचंही मी वाईटच केलं होतं. खाली टाच्यांनी खाल्लेलं काँक्रीट निघालं. ठसे कुठं होते, कुठं नव्हते. मग साहेबांनी दुसरा उपाय काढला. सगळी भिंतच छन्नीनं एकसारखी फोडून खडबडीत करायची. ते काम दादांना मिळालं नाही. ठेकेदारानं त्यांना त्या शनिवारीच हॉलवरून काढून चितेगावच्या कारखान्याच्या शेडवर पाठवलं, दुसऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली. सायकलनं जाऊन येऊन त्यांची पाठ धरायची. त्यानंतर त्यांनी पुष्कळ साचे बसवले, पण त्यांच्या फळ्यांचा ठसा पुन्हा कुठल्या भिंतीवर राहिला नाही. हॉलच्या आतल्या भिंतींवर होता, तो पुढं कुणीतरी डिस्टेंपर मारून घालवला.

मागच्या महिन्यात आर्किटेक्चर शिकणारी काही पोरं माझ्याकडं आली होती. संभाजीनगरच्या जुन्या सार्वजनिक इमारतींवर त्यांचा काही प्रकल्प आहे. निवृत्त सरकारी इंजिनियर आणि त्याच वसाहतीत वाढलेली बाई म्हणून कुणीतरी माझं नाव सुचवलं असणार. दर्शनी भिंतीचे मोठे फोटो त्यांनी टेबलावर मांडले. एक मुलगी डोळे मोठे करून म्हणाली, "मॅडम, ही छन्नीची ट्रीटमेंट किती धाडसी आहे ना? त्या काळात असा विचार करणं!" मी चहा ओतत होते. "व्हय, धाडसच होतं," म्हणाले, आणि बिस्किटं आणायला म्हणून आत गेले. आत उभं राहून मला मोठ्यानं ओरडावंसं वाटलं. बाहेर येऊन सांगितलं मात्र काहीच नाही. या वयातही नाही. म्हणून आता लिहितेय.

तर तो शनिवार. संध्याकाळी दादा लवकर घरी आले. मायनं येसराची आमटी केली होती, घरभर खमंग वास होता. मायला एवढंच माहीत होतं की दादांचं हॉलवरचं काम गेलं. ती सारखी त्या साहेबाच्या नावानं बोटं मोडत होती. दादा जेवायला बसले. मी त्यांच्यासमोर ताट घेऊन बसले, उठले, पाणी आणलं, परत बसले. मग एका दमात म्हणाले, "दादा, मी खोटं वाचलं होतं."

"ठाव हाय," दादा म्हणाले.

माय भाकरी तव्यावर टाकून आमच्याकडं वळली.

"आज कळलं ना? साहेबांनी सांगितल्यावर?"

"कळलं आज. दिसलं व्हतं त्याच दिवशी." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. "‘नो’ मला वाचता येतं, बाई. साइटवरच्या ‘नो एंट्री’च्या पाट्या मीच रंगवतो. अन् ‘प्लास्टर’ इतक्या नकाशांवर बघितलंय, की लांबूनबी वळखू येतं. दोनी शब्द शेजारी शेजारी व्हते."

"मग बोलला का नाहीत?"

"इचारलं की तुला. दोनदा इचारलं." ते माझ्याकडं बघत होते, आणि त्या बघण्यात मी शोधत होते तसा राग नव्हता. "मला वाटलं, तू शिकलेली हाईस. माझंच काय तरी चुकत आसंल."

मला हुंदका आला. मी म्हणाले, "तुमचं नव्हतं चुकलं दादा. मी परत कधी असं करणार नाही. तुमच्या पायाशपथ."

"नाय करणार तू," दादा म्हणाले. "मला ठाव हाय. पर आता तू खरं वाचलं, तरी मला दुसऱ्या कुनाला इचारावं लागंल."

तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला तशी माय वळली. दादा जेवू लागले. त्यांनी ही गोष्ट पुन्हा कधी काढली नाही, मला बोल लावला नाही, माझं शिक्षण थांबवलं नाही, उलट फीसाठी कुठं कुठं जादा काम केलं. पण शब्द पाळला. चार वर्षांनी मला सरकारी नोकरीचं नेमणूकपत्र आलं. ते मी त्यांच्या हातात दिलं, पाया पडले आणि काय लिहिलंय ते वाचून दाखवलं. दादांनी सगळं ऐकून घेतलं. मग ते पत्र नीट घडी करून खिशात घातलं, सायकल काढली, चाचांच्या घरी गेले, त्यांच्या धाकट्या मुलाकडून ते वाचून घेतलं, आणि येताना पेढे घेऊन आले.